तसबिरींतील चित्रहत्या

चित्र तसबिरींत बसलें, कांचेआड गेलें आणि भिंतीवर चढलें म्हणजे त्याचें रक्षण झालें, असा आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाचा एक दृढ समज आहे. जुनें चित्र धुवट कापडांत गुंडाळून ट्रंकेंत ठेवणारी आजी अडाणी, आणि तेंच चित्र बाजारांतून सोनेरी पट्टी लावून आणणारा नातू कलाप्रेमी, असा निवाडा आम्ही घरोघर देत असतों. आज आम्हांस आजीची वकिली करावयाची आहे. कागदावरच्या नाजूक कृति वाळवीनें खाल्ल्या, पावसानें भिजल्या, रद्दींत गेल्या, हें सर्व खरें; परंतु ज्या आमच्या प्रेमानें, आमच्याच पैशानें आणि आमच्या डोळ्यांदेखत मारल्या गेल्या, त्यांची मोजदाद कोणी करीत नाहीं. त्या मारल्या गेल्या हेंच मुळीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण प्रेत भिंतीवर टांगलेलें असतें आणि पाहुणे त्याची वाहवा करीत असतात.

आधीं एक घरगुती गोष्ट सांगतों. आमच्या एका स्नेह्यांचें घराणें मूळचें पैठणचें. त्यांच्याकडे चित्रकथीचें एक जुनें पान होतें. चित्रकथी म्हणजे चित्रें समोर धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें सांगणारा कथेकरी. पैठणच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांचे नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आहेत. ज्यांनीं ते पाहिले असतील, त्यांस ते मोठाले डोळे आणि ते ठसठशीत रंग विसरतां येणार नाहींत. या पानांची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. दोन चित्रें पाठीस पाठ लावून एकत्र केलेलीं असत. एक प्रसंग सांगून झाला कीं कथेकऱ्यानें पान उलटावें आणि मागचा प्रसंग श्रोत्यांसमोर धरावा. म्हणजे या पानाला पाठ अशी नाहींच; त्याला दोन तोंडें आहेत.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या स्नेह्यांनीं हें पान तसबीर करण्यास दिलें. कागद जुना, लाटा आलेला. तसबीर करणारा म्हणाला, “साहेब, चिकटवल्याशिवाय सपाट बसणार नाहीं.” स्नेही म्हणाले, “मग चिकटवा.” त्यानें सुतारकामाचा पांढरा डिंक हार्डबोर्डास फांसला, त्यावर पान दाबून बसविलें, वरून कांच घातली, मागून चुका ठोकल्या आणि तपकिरी पट्टीनें कडा बंद केल्या. काम सुबक झालें. दिवाणखान्यांत तें लागलें त्या दिवशीं वाहवा करणाऱ्यांत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. पांच-सहा वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यानंतर कांचेच्या आंतल्या बाजूस बुरशीचे ठिपके दिसूं लागले, तेव्हां तसबीर उघडली. कांचेला रंग चिकटून आले होते. आणि मागचें चित्र हार्डबोर्डाच्या पोटांत कायमचें गेलें होतें. एका जाणकारांस दाखविलें असतां ते म्हणाले कीं, पुढचें चित्र वांचविण्याचा यत्न करतां येईल, मागच्याची आशा धरूं नये. त्या घरांतील वृद्ध मातोश्री तेव्हां हयात होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “मागें अशोकवनांतली सीता होती. आमच्या आजेसासूबाई मुलांना ती दाखवीत असत.” तें चित्र आतां त्यांच्या आठवणीखेरीज कोठेंही उरलें नव्हतें, आणि आज त्या मातोश्रीही नाहींत.

यांत गुन्हेगार कोण? वाचक सहज म्हणतील, तसबीर करणारा. आम्हांस तें मान्य नाहीं. त्याच्याकडून मागितलें तें त्यानें दिलें. गिऱ्हाइकाला सपाट, चकचकीत, भरदार वस्तु हवी असते. कागदाची लाट त्याला आपल्या खर्चाचा अपमान वाटते. पदवीधर गिऱ्हाइकानें कधीं विचारलें नाहीं कीं आंत कोणता पुठ्ठा घालणार, कोणता डिंक लावणार, उद्यां हें काढावें लागलें तर निघेल काय. तो केवळ पट्टीचा रंग निवडतो आणि भावांत घासाघीस करतो. अज्ञान कारागिराचें असेल, पण बेफिकिरी आमची आहे.

या बेफिकिरीची खंत आम्हां छत्रपति संभाजीनगरकरांस विशेष वाटली पाहिजे, कारण आम्ही कागदाच्या मुलखांत राहतों. दौलताबादेहून खुलताबादेकडे जातांना कागजीपुरा हें गांव लागतें. मुहंमद तुघलकानें चौदाव्या शतकांत राजधानी देवगिरीस हलविली, त्या काळापासून तेथें हातकागदाची परंपरा चालत आल्याचें सांगतात. आणि दौलताबादी कागद हें नांव जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. हा कागद चिंध्यांपासून आणि तागासारख्या लांब धाग्यांपासून होई. त्याला खळ देऊन, गुळगुळीत दगडानें घोटून तो लिहिण्याजोगा करीत. असा कागद दोनशें-तीनशें वर्षें सहज टिकतो, हें कोणत्याही जुन्या रुमालांतील कागद हातीं घेतल्यास कळेल. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रावर लांकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद होऊं लागला, त्यांत लांकडाचें लिग्निन राहतें आणि तुरटी-राळेचा जो हात त्याला देतात त्यामुळें आम्लता येते. हें आम्ल कागदाचे धागे आंतून तोडीत जातें. जुन्या वर्तमानपत्राची घडी उघडतांच तुकडे पडतात, तें याच कारणानें. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत विल्यम बॅरो यांनीं ही गोष्ट प्रयोगांनीं दाखवून दिली. म्हणजे ती आज कांहीं गुपित राहिलेली नाहीं.

आतां आमच्या कलाप्रेमाची थट्टा पाहा. तीनशें वर्षें टिकलेला चिंध्यांचा कागद आम्ही घेतों आणि त्याच्या पाठीशीं तीस वर्षांत कुजणारा लांकडी पुठ्ठा लावतों. आम्ल एका कागदांतून दुसऱ्यांत उतरतें. निरोगी माणसास रोग्याच्या अंथरुणांत निजवावें, तसा हा प्रकार आहे. चित्राभोंवतीं खिडकी कापून जो जाड पुठ्ठा बसवितात, ज्याला बाजारांत ‘माउंट’ म्हणतात, त्याच्या तिरप्या कापाकडे वाचकांनीं आपल्या घरीं जाऊन पाहावें. पांढरा काप पिवळा-तपकिरी झाला असेल, तर त्याच्या कडेनें चित्रावरही तपकिरी रेघ उमटत आहे असें समजावें. ती भाजल्याची खूण आहे, आणि ती पुसतां येत नाहीं.

डिंकाची गोष्ट याहून वाईट. पांढरा डिंक वाळला कीं त्याचें प्लास्टिक होतें. तें पाण्यानें पुन्हा पूर्ववत् विरघळत नाहीं. चिकटपट्टीचा गोंद कागदांत मुरतो आणि पट्टी गळून पडल्यावरही पिवळा डाग मागें ठेवतो. आमचे जुने बुकबाइंडर कणकेच्या खळींत मोरचूद घालीत, कसर लागूं नये म्हणून. हेतु चांगला, परंतु मोरचुदांतील तांबें कागदाचा ऱ्हास वाढवितें. आणि अलीकडचा कळस म्हणजे लॅमिनेशन! आजोबांची सनद, पणजोबांच्या हातचें पत्र, मुलीनें काढलेलें पहिलें चित्र, जें हातीं येईल तें दोन प्लास्टिकांमध्यें घालून गरम रुळांतून काढावयाचें. ज्याला आपण अमर करूं पाहतों, त्याची ती शवपेटीच होते. कारण तें प्लास्टिक काढणें म्हणजे बहुधा कागदाची कातडी सोलणें.

कांचेनें तरी काय साधतें? कांच धुळीपासून राखते, हें खरें. पण कागद तिला टेंकला असेल, तर पावसाळ्यांत तिच्यावर धरणारी वाफ सरळ चित्रांत जाते, बुरशी धरते, आणि वाळतांना रंग कांचेस चिकटतो. ऊन तर साधी कांच पुष्कळसें आंत सोडते. संग्रहालयें कागदावरील चित्रांसाठीं ५० लक्सच्या आसपास उजेडाची मर्यादा धरतात. आमच्याकडील मध्यान्हींचें उघडें ऊन एक लाख लक्सच्या घरांत जातें. प्रकाशानें झालेली हानि सांठत जाते. रात्रीं दिवा मालविल्यानें दिवसाचें नुकसान भरून येत नाहीं. तरीही आम्ही जलरंगाचें चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावतों, कारण तेथें तें शोभून दिसतें.

राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचें काय झालें, हेंही आठवावें. १८९४ त मुंबईस त्यांचा छापखाना निघाला आणि पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतींनीं महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाचे देव्हारे आणि दिवाणखाने भरून टाकले. तीं चित्रें घरांत आलीं तेव्हां त्यांच्या समासांत चित्राचें नांव आणि छापखान्याचें नांव असे. चौकट लहान पडली म्हणून हे समास किती ठिकाणीं कातरले गेले, तें जुन्या तसबिरी उघडून पाहणाऱ्यास दिसेल. चित्र राहिलें, पण त्याची जन्मपत्रिका गेली. कातर फिरविणाऱ्यानें चौकट मोठी करावयाची कीं चित्र लहान, असा प्रश्न मालकास विचारला असेल. मालकानें स्वस्त उत्तर दिलें.

कोणी म्हणेल, हे सर्व दोष अडाणी हातांचे आहेत. तज्ज्ञांच्या हातीं काम दिलें कीं चिंता मिटली. तज्ज्ञांवर एवढी भिस्त ठेवणाऱ्यांस आम्ही आमच्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याचा इतिहास दाखवूं इच्छितों. तेथील चित्रें कागदावर नाहींत, मातीच्या गिलाव्यावर आहेत. पण धडा एकच आहे. रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून तेथें राहून तैलरंगांत मोठ्या प्रतिकृति केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ ते १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं सुमारें तीनशें प्रतिकृति केल्या. त्यांतील शंभरांवर १८८५ त लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. ही झाली दैवाची गोष्ट. आतां माणसाची ऐका. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे नामांकित तज्ज्ञ बोलावून आणिले. पडूं पाहणारा गिलावा त्यांनीं जागच्या जागीं बसविला, याबद्दल त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु रंग पक्के राहावे म्हणून चित्रांवर लाखेचें रोगणही देण्यांत आलें. त्या काळीं तें उत्तम ज्ञान होतें. तें रोगण कालांतरानें पिवळें पडलें, त्यावर धूळ बसली, आणि खालचे रंग झांकोळले. पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तें उतरविण्यासाठीं कित्येक वर्षें तळहाताएवढ्या जागेवर जपून काम करावें लागलें.

यावरून कोणता बोध घ्यावयाचा? तज्ज्ञ मूर्ख होते असा नव्हे. बोध हा कीं, आजचें उत्तम ज्ञान उद्यां चुकीचें ठरूं शकतें; म्हणून जुन्या वस्तूवर आपण जें कांहीं करूं, तें पुढच्या पिढीस निर्धोकपणें काढून टाकतां आलें पाहिजे. मागें फिरण्याची वाट मोकळी ठेवणें, हा या सर्व शास्त्राचा पाया आहे. जी तसबीर उघडून चित्र जसेंच्या तसें हातीं घेतां येत नाहीं, ती कितीही सुबक असो, तिला आम्ही रक्षण म्हणणार नाहीं.

योग्य रीति अवघड नाहीं. चित्र पुठ्ठ्यास चिकटवावयाचें नसून त्यावर टांगावयाचें असतें. जपानांत तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून पातळ पण चिवट कागद करतात. त्याच्या दोन लहान पट्ट्या चित्राच्या वरच्या कडेला मागून लावाव्या आणि त्यांच्या आधारें चित्र आम्लरहित पाठपुठ्ठ्यावर मोकळें लोंबूं द्यावें. हवेंतील ओलाव्यानें कागद फुगतो आणि आकसतो. त्याला हलावयास जागा मिळाली कीं तो फाटत नाहीं. पट्टी चित्राच्या कागदापेक्षां दुबळी असावी, हें या कलेंतील आम्हांस सर्वांत आवडणारें तत्त्व आहे: धक्का बसला तर आधीं पट्टीनें तुटावें, चित्रानें नव्हे. पट्टीसाठीं गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. आमच्या गृहिणी कुरडयांसाठीं गहू भिजवून, वाटून, चोथा बाजूस काढून जो चीक खालीं बसवितात, त्याचें आणि या खळीचें तत्त्व एकच. ती पाण्याच्या ओल्या बोळ्यानें वर्षांनंतरही सुटते. पट्टीही लावावयाची नसेल, तर चारी कोपऱ्यांस कागदी खिसे करून त्यांत चित्र बसवावें. आमच्या स्नेह्यांच्या त्या दुतोंडी पानास हेंच योग्य होतें, आणि कधीं वाटलें तर तसबीर उघडून सीतेचें दर्शन घेतां आलें असतें. वर खिडकीचा पुठ्ठा घालावा, म्हणजे कांच आणि चित्र यांत अंतर राहतें. हे दोन्ही पुठ्ठे चुनखडी घातलेले, आम्ल शोषून घेणारे मिळतात. खडूचें किंवा कोळशाचें चित्र असेल तर प्लास्टिकची कांच घालूं नये. ती घांसली कीं विजेनें भारते आणि रंगाची पूड ओढून घेते. तसबिरीच्या मागें खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे भिंत आणि तिच्यांत वारा खेळतो. बाहेरची ओल येणारी भिंत आणि ऊन येणारी जागा टाळावी. एवढें केलें कीं झालें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप खर्चाचा. चांगला पुठ्ठा साध्या पुठ्ठ्याहून महाग पडतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु कोरीव सोनेरी पट्टीवर आपण जें उधळतों, त्यांतून साधी पट्टी घेऊन पुष्कळ भागेल. आणि ज्यांस तेंही परवडत नाहीं, त्यांनीं चित्र आम्लरहित कागदांत ठेवून सपाट पेटींत, कोरड्या जागीं ठेवावें. आजीचें धुवट कापड हें स्वस्त लांकडी पुठ्ठ्याहून शतपट सुरक्षित होतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्र पाहण्यासाठीं असतें. तें जपून पेटींत ठेवलें तर त्याचा उपयोग काय? चित्रकथ्याचें पान तर रोज हाताळलें जात होतें, धूर-धूळ खात होतें. आम्ही या आक्षेपाचा आदर करतों. पण ज्यानें तें पान वापरून झिजविलें, त्यानें त्याचा उपभोग घेतला. आम्ही तें चिकटवून अर्धें कायमचें बंद केलें, यांत उपभोग कोणी घेतला? पाहण्याचें सुख हवें, तर वर्षांतून कांहीं महिने चित्र लावावें आणि मग त्यास अंधारांत विश्रांति द्यावी. मोठीं संग्रहालयें असेंच करतात. भिंत रिकामी दिसेल अशी भीति असेल, तर तेथें उत्तम छापील प्रत लावावी. तिचें कांहीं झालें तरी रडण्याचें कारण नाहीं.

तिसरा आक्षेप लाटांचा. जुना कागद थोडा लहरतो, हें त्याचें वय आहे. आजोबांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या इस्तरीनें घालवाव्या असें कोणी म्हणत नाहीं.

शेवटीं आम्हां शिक्षकांच्या दाराशीं ही फिर्याद आणली पाहिजे. आम्ही चित्रकलेचा इतिहास शिकवितों, शैलींचीं नांवें पाठ करवितों. पण चित्र हातांत कसें धरावें, हें एकाही विद्यार्थ्यास सांगत नाहीं. ज्या सभागृहांत आम्ही वारशावर व्याख्यानें देतों, तेथल्याच भिंतींवर डागाळलेल्या तसबिरी वर्षानुवर्षें लोंबत असतात. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कलावस्तूंच्या संरक्षणाचें केंद्र आहे, लखनौस केंद्र सरकारची संशोधनशाळा आहे. तेथून हें ज्ञान आमच्या शहरांत आणावयास कोणाची आडकाठी आहे? येथें शासकीय कला महाविद्यालय आहे. तेथें तसबीर करणाऱ्या कारागिरांसाठीं दरवर्षीं आठ दिवसांचा वर्ग कां चालूं नये? आणि कागजीपुऱ्याच्या हातांना, तुरटी-राळ टाळून, सुती चिंध्यांचा निर्दोष पाठकागद करावयास आम्हीं गिऱ्हाइकांनीं मागणी कां घालूं नये? ज्या मुलखानें दप्तरांना कागद पुरविला, त्यानें आपल्या चित्रांना पाठ पुरवावी, यांत अशक्य असें कांहीं नाहीं.

तोंवर वाचकांस एकच विनंति. येत्या रविवारीं घरांतील सर्वांत जुनी तसबीर खालीं उतरवा, मागची पट्टी सोडवा आणि आंत पाहा. चित्र मोकळें असेल तर पुठ्ठा बदला. चिकटलेलें असेल तर स्वतः ओढूं नका, जाणकारास दाखवा. आणि पुढच्या वेळीं तसबीर करावयास द्याल तेव्हां पट्टीचा रंग निवडण्याआधीं विचारा, “हें उद्यां सुटें होईल ना?” ज्या दिवशीं दुकानांत दहा गिऱ्हाइकें हा प्रश्न विचारतील, त्या दिवशीं अकराव्यास तो विचारावा लागणार नाहीं. आम्हीं पंचवीस वर्षांपूर्वीं तो विचारला नाहीं, केवळ वाहवा केली. त्याची किंमत दुसऱ्याच्या घरच्या सीतेनें दिली.